गोड्या पाण्यातला दरोडेखोर

नेंगा केरूगबद्दल सांगायचं तर आधी मला त्याला दोन शिव्या हासडू द्या, त्याशिवाय माझी जीभ मोकळी होत नाही. मुडदा. रेड्याच्या जातीचा. झालं, आता नीट सांगते.

नेंगा म्हणजे आमच्याकडे दुसरं मूल, आणि केरूग म्हणजे ढगांचा गडगडाट. आईबापांनी त्याचं नाव दुसरंच ठेवलं होतं, पण ते आठवायला त्याच्या बायकोलासुद्धा वेळ लागतो. लहानपणी बाप त्याला वेताच्या काठीनं फोडून काढायचा. एक दिवस ह्यानं ती काठी हिसकावली आणि बापालाच फोडला. पुढे कोंबड्यांच्या झुंजीत ह्याचा कोंबडा हरला म्हणून पंचाचं नाक फोडलं. स्वतःच्या लग्नात मेव्हणा काहीतरी टोचून बोलला, तर त्याला उचलून विहिरीत टाकला. मेव्हण्याला पोहता येत नाही हे कुणीतरी ओरडून सांगितल्यावर लग्नाच्या जरीच्या धोतरासकट ह्यानंच मागून उडी मारली आणि त्याला केसांना धरून वर काढला. रागात ढकलायचं आणि मग आपणच उडी मारायची, ही त्याची पहिल्यापासूनची रीत. मेव्हणा जगला, पण अजून ह्याच्या घरी जेवत नाही.

आमचं गाव बालीच्या उत्तर किनाऱ्याला, काळ्या वाळूचं. भात आमच्याकडे पिकत नाही, गावाचं पोट आहे रंगीत माशांवर. मासे जिवंत धरायचे, टाकीत ठेवायचे, देनपसारच्या व्यापाऱ्याच्या गाडीत भरायचे. तिथून ते विमानात बसून परदेशी जातात, काचेच्या पेटीत राहायला. लोक मासा पाळतात आणि खात नाहीत, हे माझ्या सासूला मरेपर्यंत पटलं नाही. ती म्हणायची, कसली दळभद्री माणसं असतील ही.

आमच्या तरुणपणी सगळे पोतास वापरायचे. सायनाइडच्या पांढऱ्या गोळ्या. कुटून बाटलीतल्या पाण्यात घालायच्या, बुडी मारायची आणि प्रवाळाच्या कपारीत पिचकारी सोडायची. आत लपलेला मासा ताडी प्यायल्यासारखा झिंगत बाहेर येतो, की उचला हातानं. निम्मे टाकीत पोचायच्या आत मरायचे. उरलेले वरून चांगले दिसायचे, खायचे-प्यायचे, आणि परदेशात जाऊन मरायचे. मासा फारच आत दडला तर पहार लावून प्रवाळच फोडायचं. असं करत करत समोरच्या सगळ्या खडकाचा सांगाडा झाला. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. माझ्या नवऱ्यालाही नाही, मलाही नाही. चूल पेटत होती.

केरूग ह्यात सगळ्यांच्या पुढे. त्याच्यासोबत धाकटा भाऊ, रेनेंग. हसरा पोरगा, गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचा लाडका. एक दिवस खाली खडक फोडताना रेनेंगचे दोन्ही हात पहारेवर होते, म्हणून त्यानं पोतासची बाटली दातांत धरली. पहार निसटली, जबडा आवळला गेला, पिचकारी तोंडात. केरूगनं त्याला वर आणून होडीत घेतला तेव्हा तो लाथा झाडत होता, आणि होडी किनाऱ्याला लागेपर्यंत त्याच्या लाथा थांबल्या होत्या. मी वाळूत उभी होते. केरूग रडला नाही. भावाला वाळूवर ठेवलं आणि तसाच ओल्या अंगानं पलीकडच्या गावच्या बाजारात गेला, पोतास विकणाऱ्याला दुकानातून खेचून आडवा पाडला, छातीवर बसला आणि त्याच्याच गोळ्या त्याच्या तोंडात कोंबायला लागला. बाजारच्या माणसांनी मासे कापायच्या फळीनं केरूगच्या डोक्यात हाणलं म्हणून तो विकणारा वाचला. केरूगच्या टाळूवर ती खोक अजून आहे, तिथे केस येत नाहीत.

त्यानंतर गावात पोतास बंद झालं. लोक म्हणतात सभेनं बंद केलं, मी म्हणते केरूगच्या भीतीनं बंद झालं. समुद्राच्या देवळात सगळी वाडी जमली, पुजाऱ्यानं शपथेचं पाणी मंतरलं. एकेकानं येऊन प्यायचं आणि बोलायचं की मी फक्त जाळ्यानं मासा धरीन. केरूगची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "जो हात बाटली दाबेल, तो हात मी ठेचीन. रेनेंगच्या पहारेनं."

मी मागे बायकांत बसून नैवेद्यासाठी माडाच्या पात्या विणत होते. मला गप्प बसवत नाही, हा माझा रोग आहे. मी म्हटलं, "आणि चुकून भलत्याचाच ठेचलास तर? तुझा हात कोण ठेचणार, तुझी बायको?"

बायका फिदीफिदी हसल्या. केरूग हसला नाही. "तू ठेच, मेन आर्सा," म्हणाला. "त्याच पहारेनं." आणि ते पाणी प्यायला. देवळातलं पाणी पिऊन बोललेलं आमच्याकडे परत घेता येत नाही.

आमच्यात थोरलं मूल झालं की आईबापाचं नाव संपतं. मी मेन आर्सा, म्हणजे आर्साची आई. माझा नवरा पान आर्सा, आर्साचा बाप. त्या पोराच्या नावानंच गाव मला ओळखतं.

मग वाडीनं टाकीघर बांधलं आणि केरूगला तिथे बसवला. कुणीही मासा आणला की आधी ह्याच्या नजरेखालून जायचा. ह्याचं बघणं म्हणजे काय सांगू. काचेला नाक लावून बसायचा. कल्ले किती भराभर हलतात, पोट आत गेलंय का, मासा वाऱ्याच्या नळीखाली तोंड लावून राहतो का. पोतासचा मासा त्याला लगेच कळायचा, कळणारच, आयुष्यभर तेच केलेलं. दोनदा त्यानं बाहेरगावच्या होड्या पकडल्या, एक जाळली आणि दुसरीच्या मालकाचे दात पाडले. खडकावर हळूहळू प्रवाळ परत धरायला लागलं. वाडी त्याला मान द्यायला लागली, आणि मान मिळालेला आडदांड माणूस हा नुसत्या आडदांडापेक्षा वाईट.

माझा आर्सा जाळ्याचा पाणबुड्या. फार फटकळ तोंडाचा, ते माझ्यावर गेलंय, पण पाण्याखाली शांत. माझा नवरा छातीच्या दुखण्यानं गेला, त्यानंतर घर त्याच्या हातांवर होतं. नवऱ्याला आम्ही पुरून ठेवला होता. आमच्याकडे गरिबाला लगेच जाळत नाहीत, वाडी सगळ्यांचे मिळून एकदाच जाळते, आणि तोपर्यंत मेलेला मातीत वाट बघतो. वरच्या गावांच्या येत्या सुगीनंतर वाडीचं सामुदायिक दहन ठरलं होतं. मी त्याच्यासाठी पांढरं कापड आणून ठेवलं होतं.

तेव्हाच आर्सानं तो मासा आणला. निळ्या अंगावर पिवळे पट्टे आणि डोळ्यांवर काळी पट्टी, म्हणून आम्ही त्याला दरोडेखोर म्हणतो. एवढा मोठा दरोडेखोर आमच्या खडकावर पोतासच्या दिवसांनंतर कुणी पाहिला नव्हता. त्याच्या गालावर काटा असतो, जाळ्यात अडकतो आणि सोडवताना हात फाडतो. भ्यायला की पाण्यातूनही ऐकू येईल असा घुट्ट घुट्ट आवाज करतो. सगळी वाडी बघायला आली. आर्साच्या हातातून रक्त येत होतं आणि तो हसत होता.

केरूगनं विचारलं, "कुठून आणलास?"

"समुद्रातून, बापा."

"समुद्र मोठा आहे."

"मग शोध की. तुला कुठे दुसरं काम आहे."

लोक हसले. मीही हसले, पोराचं तोंड माझंच होतं ना. आर्सा बाहेरच्या उतारावर खोल जायला लागला होता आणि जागा कुणाला सांगायची नव्हती. कोण सांगतं? पण केरूगच्या डोक्यात किडा शिरला. एवढा चलाख मासा नुसत्या जाळ्यात येतोच कसा?

दरोडेखोर टाकीत गेला. दोन-तीन दिवस बरा होता, मग धापा टाकायला लागला. कल्ले लोहाराच्या भात्यासारखे. माकुळाचा तुकडा तोंडापुढे धरला तरी घेईना. मध्येच अंग वाकडं करून भिंतीला घासून सुसाट पळायचा, मग कोपऱ्यात उभा राहायचा. त्याच टाकीतले लहान मासे एकेक करून तळाला लागले. केरूगनं मेलेल्यांचे कल्ले उघडून पाहिले, वास घेतला, टाकीवर पोतं टाकून अंधार केला, पाणी बदललं, वाऱ्याच्या नळ्या वाढवल्या. मासे मरतच राहिले. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं. हा पोतास सोडून दुसरं मरण ओळखतच नव्हता.

मग तो किनाऱ्यावर आर्साच्या होडीत डोकावला. होडीत एक बाटली होती, दाबून पिचकारी मारायची असते ना, तशी. आर्सा त्यात शाम्पूचं पाणी ठेवायचा. बुडायच्या चष्म्याच्या काचेला आतून लावलं की वाफ धरत नाही, आता सगळीच पोरं करतात. केरूगनं ती बाटली बघितली आणि त्याला त्यात रेनेंगचे दात दिसले असणार. हुंगायचं तरी होतं रे मुडद्या. शाम्पूचा वास लांबून येतो.

मी देवळाच्या अंगणात होते तेव्हा कुलकुल वाजला. देवळाच्या मनोऱ्यात टांगलेलं पोकळ लाकूड. सावकाश ठोके म्हणजे सभा, अधूनमधून ठोके म्हणजे मयत. भराभर ठोके पडले की चोर किंवा आग, मग प्रत्येक घरातला पुरुष हाताला लागेल ते घेऊन धावतो. कुणासाठी ते विचारायचं नसतं, आधी धावायचं. हा ठोका भराभर होता. मीही धावले, आग लागली असेल म्हणून हंडा घेऊन.

वाळूत गर्दी होती. कोयते, वल्ही, मुसळं. होडी बांधायच्या दगडाशी चौघांनी आर्साला पालथा दाबला होता. त्याच्या तोंडात वाळू गेली होती. पायावर बसला होता तो आमचा शेजारी, त्याच्या पोरीच्या बारशाला मी जेवण रांधलं होतं. आर्सा "शाम्पू, शाम्पू" म्हणत होता आणि लोकांना वाटत होतं वेड्याचं सोंग करतोय. मी हंडा टाकला आणि माणसांच्या पाठींवर नखं मारत आत शिरले. कुणाच्या तरी दंडाचा चावा घेतला, मांस तोंडात आलं. मी पोचले तेव्हा केरूगनं पहार वर घेतली होती. मी त्याचं नाव घेतलं, शिवी नाही, नाव. त्यानं खाली आणली.

तो आवाज मी सांगणार नाही.

एकदाच मारली, हे लोक मला अजून सांगतात, जसं काही उपकार केले. एकदाच पुरली. आर्साचा उजवा हात दगडावर राहिला तो हातासारखा दिसत नव्हता. सिंगाराजा शहरातल्या इस्पितळात दोन बोटं काढली, बाकीची उरली आहेत पण मिटत नाहीत. त्या हातानं आता जाळं धरता येत नाही, घासही उचलता येत नाही.

आणि वाडीचं त्यावर भागलं नाही. कारभारी पान रुजा, मऊ बोलणारा माणूस, घरी येऊन उंबऱ्याबाहेरून म्हणाला, "मेन आर्सा, नियम आहे. शपथ मोडली म्हणून तुमचं घर वाडीबाहेर. कुणी बोलणार नाही, बोलेल त्यालाही दंड."

मी विचारलं, "आणि माझा नवरा?"

तो वळून चालायला लागला. वाडीबाहेरच्या माणसाला वाडीचं स्मशान नाही. पांढरं कापड आणलेलं, आणि माझा नवरा मातीतच कुजत राहणार, वर जायला त्याला कुणी खांदा देणार नाही. म्हणजे पोराचा हात गेला, आता बापाचा आत्माही. त्या दिवशी ठरवलं, की माझ्या पोराचं नाव धुऊन निघेपर्यंत मी मरणार नाही आणि कुणाला सुखानं जगूही देणार नाही.

आर्साला इस्पितळातून आणला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी झऱ्यावरून पिण्याचं पाणी आणत होते. डोक्यावर बादली. वाटेत ज्या बायकांसोबत आयुष्यभर पाणी भरलं त्यांनी तोंडं फिरवली. टाकीघराचं दार उघडं होतं. आत केरूग बसला होता. मांडीशी टाकी, टाकीत तो दरोडेखोर, अजून जिवंत. बाकीचे बरेच मेले होते, पण हा तगला होता, एक डोळा दुधासारखा झालेला. केरूग पोतं जरा उचलून त्याला माकुळाचा बारीक तुकडा दाखवत होता आणि मऊ आवाजात म्हणत होता, "खा रे राजा, एवढं खा."

माझ्या पोराचा हात ठेचून हा माणूस माशाला भरवत बसला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बादली खाली आदळली, दोन्ही हात टाकीत घातले आणि तो मासा धरला. गालाचा काटा माझ्या तळव्यात आरपार घुसला, तरी सोडला नाही. घुट्ट घुट्ट करत होता. मी त्याला झऱ्याच्या गोड्या पाण्यात फेकला. खाऱ्या पाण्याचा जीव, गोड्यात कसा जगेल? मरू दे. ह्याच्यापायी माझं घर बसलं.

"मेन आर्सा, काढ त्याला," केरूग उठला.

"हात लाव बादलीला," मी म्हटलं, "मग बघ. माझ्याकडे पहार नाही, पण दात आहेत."

मी बादलीवर आडवी झाले. केरूगच्या एका धक्क्यानं मी भिंतीवर गेले असते, पण त्यानं हात लावला नाही. तसाच उभा राहिला. मासा एका अंगावर कलंडला, तोंड उघडझाप करत. माझं रक्त पाण्यात पसरत होतं. मी वाट बघत होते, मर, मर. बराच वेळ गेला. तो मरेना.

आणि त्याच्या अंगावरून काहीतरी पडायला लागलं. पांढरं, चपटं, तिळाएवढं. आधी एक, मग चार, मग कण्या चाळणीतून पडाव्या तसं. बादलीच्या तळाला पांढरा थर साचला. दुधाळ डोळ्यावरूनही एक सुटला, आणि त्याखाली डोळा थोडा काळा दिसला.

मी म्हटलं, "हे काय खवले गळतायत?"

केरूग गुडघ्यावर बसला. मी आता अडवलं नाही, का ते माहीत नाही. त्यानं दोन्ही हातांनी मासा अलगद उचलला, काटा बोटांच्या मधे घेऊन, आणि स्वच्छ खाऱ्या पाण्याच्या दुसऱ्या टाकीत सोडला. मासा सरळ झाला. मग त्यानं आजारी टाकीतला दुसरा मासा धरला, बादलीत घातला. पुन्हा तेच. तिसरा, पुन्हा तेच. एक पांढरा तीळ त्यानं नखावर घेऊन उन्हात धरला. तो वळवळत होता.

"गोचीड," तो म्हणाला.

माशाची गोचीड. अंगावर असते तेव्हा काचेसारखी, नजरेला दिसतच नाही. कल्ल्यात आणि डोळ्यात बसून रक्त पिते, मासा धापा टाकतो, अंग घासतो, आणि बघणाऱ्याला वाटतं विष. गोड्या पाण्यात मात्र मासा थोडा वेळ तग धरतो आणि गोचीड पांढरी पडून सुटते. देनपसारच्या व्यापाऱ्यानं हे केरूगला एकदा सांगितलं होतं म्हणे, ह्यानंच मनावर घेतलं नव्हतं. पोतासचा मासा असता तर गोड्या पाण्यातून काय पडणार होतं? काहीच नाही.

केरूगचा चेहरा मी आयुष्यात तसा पाहिला नव्हता. ओठ राखेसारखे. म्हणाला, "आर्सानं केलं नव्हतं."

"हे मी त्या दिवशी सांगत होते," मी म्हटलं. "माझ्या तोंडात माणसाचं मांस होतं म्हणून नीट ऐकू आलं नसेल तुला."

"मेन आर्सा..."

"मला सांगू नकोस. त्यांना सांग. जसे आले होते तसेच सगळे आले पाहिजेत. जा, बडव."

तो गेला आणि कुलकुल भराभर बडवला. पुन्हा कोयते, पुन्हा वल्ही, पुन्हा तीच माणसं धावत. शेजारी धापा टाकत विचारत होता, "कोण? कुठाय?" म्हणजे कुणाला ठेचायचं ते सांगा. केरूगनं दगडाशी बादली ठेवली, सगळ्यांसमोर एक आजारी मासा त्यात घातला आणि म्हणाला, बघा. एकेकाला मानेला धरून वाकवून दाखवलं. तळाला पांढरे तीळ पडत होते. गर्दीत वल्ही खाली आली. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते, कुणी माझ्याकडे बघेना. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात असं ऐकलं होतं. इथे तर चोरच नव्हता.

मग केरूग गुडघ्यावर बसला. उजवा हात त्याच दगडावर ठेवला, तळवा वर. पहार माझ्या पायाशी सरकवली.

"देवळात बोललो होतो," म्हणाला. "मार."

पान रुजा मधे आला. "मेन आर्सा, झालं ते झालं, आपण सभा घेऊ. दंड..."

"तू गप," मी म्हटलं. "आर्साच्या वेळी सभा घेतली होतीस?"

मी पहार उचलली. जड होती. केरूगनं डोळे मिटले नव्हते, माझ्याकडेच बघत होता, आणि मला तेच हवं होतं. मी वर घेतली.

"मेमे, उजवा नको."

मेमे म्हणजे आई. आर्सा होता. ठोका ऐकून घरातून आला होता, हात छातीशी बांधलेला, चालताना ओठ चावत. लोकांनी वाट दिली. तो केरूगसमोर येऊन उभा राहिला, त्याच्या दगडावरच्या हाताकडे बघत राहिला, बाजारात वस्तू पारखतात तसा.

"तो मला लागणार आहे," म्हणाला. "मी खाली गेलो की जाळ्याचं दुसरं टोक कोण धरणार? दरोडेखोर जाळ्यातून कोण सोडवणार? मला उजवा हात नाही. आजपासून हा माझा. मी सांगेन तिथे यायचं, मी सांगेन ते धरायचं. मरेपर्यंत."

केरूगनं होकाराची मान हलवली.

लोकांनी सुस्कारा सोडला. पान रुजाच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. सगळ्यांना वाटलं, संपलं, पोरानं मोठं मन दाखवलं. मोठं मन नव्हतं ते, पोराला पोट होतं. आणि मी? मी आई आहे. माझ्या हातात पहार होती आणि माझं मन भरलं नव्हतं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "उजवा त्याचा. डावा ठेव."

केरूगनं उजवा काढला, डावा ठेवला. मी मारली. एकदाच. एकदाच पुरते.

तो ओरडला नाही. मी ओरडले. का ओरडले ते मला आजही सांगता येत नाही. मग पहार समुद्रात फेकली आणि घरी जाऊन भात लावला. पश्चात्ताप झाला का, असं पुजाऱ्यानं विचारलं होतं. मी म्हटलं, माझ्या पोराची बोटं परत उगवली की कळवीन.

सुगीनंतर वाडीनं माझ्या नवऱ्याला जाळला. आर्साच्या पायावर बसला होता त्या शेजाऱ्यानं पहिला खांदा दिला. मी त्याला दिवसभर पाणी विचारलं नाही, पण खांदा घेतला.

आता टाकीघरात मासा आला की आधी गोडं पाणी. आर्सा डाव्या हातानं जाळीचा एक कान धरतो, केरूग उजव्या हातानं दुसरा, आणि दोघं मिळून मासा बादलीत उतरवतात. तिथून नव्या टाकीत. जुनी टाकी गोड्या पाण्यानं घासून उन्हात सुकवायची, कारण गोचिडीची अंडी भिंतीला चिकटून राहतात. काही दिवसांनी सगळं परत. ह्या कामाला दोन हात लागतात, आणि दोघांचे मिळून दोनच आहेत.

भांडतात मात्र सारखे. आर्सा म्हणतो, "खाली घे म्हातारड्या, बुडव नीट." केरूग म्हणतो, "तूच वर धरलंयस, गाढवा." बुडी मारून आले की दोघांत एक सिगारेट, केरूग पेटवतो. आर्सानं त्याला माफ केलंय का? मी विचारलं नाही. मी तर केलेलं नाही. त्याच्या बायकोकडून डुकराचं मटण आलं की खाते, तेवढंच.

दरोडेखोर व्यापाऱ्यानं नेला नाही, डोळ्यावर डाग राहिला म्हणून. कोपऱ्यातल्या टाकीत आहे, चांगला माजलाय. केरूगचा हात पाण्यात गेला की अजून घुट्ट घुट्ट करतो. सकाळी माकूळ कापून झालं की सगळ्यात मोठा तुकडा मी त्याला टाकते.